मॅप रीडिंगच्या पाच परीक्षा

चीनशी लढाई व्हायच्या आधीची काही वर्षं आमची पलटण पुण्याजवळच्या छावणीत होती. मी लान्स नाईक होतो, म्हणजे बाहीवर एक फीत. राहणारा मुळशीचा, रिह्याच्या खोऱ्यातला. सायकल मारली तर छावणीतून तीन तासांत घर गाठता येई. त्यामुळं बाकीचे जवान मला घरजावई म्हणत आणि मीही चिडत नसे.

भरती झालो तेव्हा मला मराठी चौथीपुरतं लिहिता-वाचता येत होतं, पाठीवर ओझं घेऊन दिवसभर डोंगर चढता येत होता आणि कुणी काही शिकवायला लागलं की ‘मला ठाऊक आहे’ असं म्हणता येत होतं. या तिसऱ्या गुणानं माझी चार वर्षं खाल्ली.

आम्हाला सांगितलेला नियम सरळ होता. सात वर्षांच्या आत नाईक झालास तर पुढं नोकरी. नाही झालास तर रिझर्व्हमध्ये नाव आणि घरी रवानगी. नाईक व्हायचं तर मॅप रीडिंग पास पाहिजे. नकाशा, कंपास आणि पेन्सिल हातात देऊन माणसाला रानात सोडतात आणि त्यानं स्वतःचा ठावठिकाणा आकड्यांत सांगायचा असतो. घरी भाताची सहा खाचरं आणि ती कसायला आम्ही चार भाऊ. मी परत गेलो असतो तर कुणी हाकलून दिलं नसतं. पण मला पलटण आवडत होती. पहाटे साडेपाचचा रोल कॉल आवडत होता, बूट आवडत होते. मला हवालदार व्हायचं होतं, आणि त्या वाटेत हा एक कागद आडवा पडला होता.

आमचा उस्ताद होता नाईक ज्ञानू सुतार. कोल्हापूरच्या खाली गारगोटीकडचा. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, मग तो वयानं लहान का असेना. सुतार माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा होता. अंगानं किडकिडीत, बोलणं हळू, खिशात कायम विड्यांचं बंडल. रोज दुपारी दोन ते चार त्याचा क्लास असे. जेवण झालेलं, बाहेर ऊन, आणि हा माणूस एकच गोष्ट सहा-सहा वेळा त्याच आवाजात सांगे. तो कधी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं मला कितीदा वाटलं.

नकाशावर उभ्या आणि आडव्या रेघांची जाळी असते. जागा सांगताना आधी खालच्या काठावरचे आकडे वाचायचे, मग बाजूचे. तीन आणि तीन, सहा आकडे. त्याला ग्रिड रेफरन्स म्हणतात. पहिल्या परीक्षेत मी आधी बाजूचे वाचले. ‘या रेफरन्सवर तोफ डागली तर गोळा आपल्याच लंगरात पडेल,’ असं परीक्षा घेणाऱ्या कॅप्टन साहेबांनी तांबड्या शाईनं लिहून पेपर परत दिला. लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. नापास.

त्याच्या पुढच्या वर्षी तोंडी परीक्षा होती. कॅप्टन साहेब मूळचे पुण्याचे, बोलणं तोलूनमापून. त्यांनी समोरचं देऊळ दाखवून विचारलं, “इथून अंतर किती?”

मी म्हणालो, “दोन हाका, साहेब.”

आमच्याकडं अंतर असंच सांगतात. एक हाक, दोन हाका, कोसभर. साहेब माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, “कोणाच्या हाका?”

तंबूतले सगळे हसले. सुतार तेवढा हसला नाही. नापास.

तिसरी परीक्षा मुळशीच्या डोंगरात ठेवली होती. कॅम्प धरणाच्या पाण्याकाठी होता. मला वाटलं, आता देवच पावला. हा आपला मुलूख. इथला दगड न् दगड ओळखीचा. सकाळी आठला आम्हाला सोडलं. पाच चेकपॉइंट कंपासनं शोधत जायचं आणि दुपारपर्यंत परत यायचं होतं. मी नकाशाची घडी उलगडलीसुद्धा नाही. गुरं घेऊन हिंडलो होतो त्या वाटांनी निघालो आणि सगळ्यांच्या दीड तास आधी परत येऊन साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला.

साहेबांनी माझा नकाशा मागितला. त्यावर पेन्सिलची एक रेघ नव्हती. कुठल्या पॉइंटवरून किती बेअरिंग घेतलं, म्हणजे कंपासवर किती अंश आले, ते लिहायची वही कोरी होती.

“केदारी, तुझी बदली राजस्थानात झाली तर?”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

“पहिला आलास. नापास.”

त्या रात्री कॅम्पपासून घर चार मैलांवर होतं आणि साहेबांनी मला सुटीही दिली होती. मी गेलो नाही. आईला काय सांगणार होतो? तुझा मुलगा स्वतःच्या गावात वाट चुकला म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार माझ्या तंबूत आला आणि लंगरातली परात पुढ्यात ठेवून बसला. परातीत एक ओबडधोबड दगड. त्यानं बोटभर पाणी ओतलं, पाणी दगडाला जिथं टेकलं तिथं खडूनं चौफेर रेघ ओढली. आणखी बोटभर पाणी, आणखी एक रेघ. दगड बुडेपर्यंत असं चाललं. मग पाणी ओतून टाकून दगड माझ्यासमोर धरला.

“ही कंटूर. एका उंचीची एक रेघ. रेघा जवळजवळ आल्या तर उभा कडा. लांब पडल्या तर सपाट रान. कळलं?”

“कळलं.”

“न्हाई कळलं. तुला दगूड दिसतोय. तुला रेघा दिसायला पाहिजेत.”

“उस्ताद, हा डोंगर मी लहानपणापास्नं बघतोय. कागदावर कशाला बघू?”

“कारण तू जिथं जाणार हाईस तिथं तू लहान नव्हतास.” विडी पेटवत तो म्हणाला. “कागदाला तू शिकवू नकोस केदारी. त्याच्याकडनं शीक.”

मग तो मला पाण्याकाठी घेऊन गेला. चैत्र होता, धरणाचं पाणी खाली गेलं होतं. पाणी उतरत जातं तसं काठावर मातीचे पट्टे राहतात, एकाखाली एक, प्रत्येक टेकाडाला वळसा घालत गेलेले. जन्मापासून मी ते बघत आलो होतो. खडा चढ होता तिथं पट्टे एकमेकांना चिकटले होते, पसरट उताराला ते फाकले होते. मी तिथं किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग नकाशा काढला आणि पहिल्यांदाच मला कागदावर डोंगर दिसला. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

कळणं वेगळं आणि हातात बसणं वेगळं. पुढचं वर्षभर सुतारनं माझा पिच्छा पुरवला. रविवारी जवान सिनेमाला जात, आम्ही दोघं छावणीमागच्या माळावर कंपास घेऊन. तो एखादं झाड दाखवी, मी आकडे सांगे, तो मान हलवी, मी परत मोजी. पंधरा-पंधरा वेळा. एकदा वैतागून मी म्हणालो, “उस्ताद, तुमचा काय फायदा यात?” तो म्हणाला, “मी पाच पोरं शिकवली, चार पास झाली. पाचव्याला सोडला तर ते डोक्यात ऱ्हाईल.” आणि पुढचं झाड दाखवलं.

चौथी परीक्षा सहाव्या वर्षी आली. जागा तीच, मुळशीचे डोंगर. दिवस वैशाखाचे.

त्या दिवसांत आमच्याकडं राब भाजतात. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथं शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या यांचे थर रचून वर माती पसरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तण मरतं. कुठल्याही टेकाडावर उभं राहा, खोऱ्यात दहा-वीस धूर दिसतातच.

आठ वाजता निघालो. या वेळी ओळखीची पायवाट पायाखाली आली की मी मुद्दाम थांबायचो, नकाशा उलगडायचो, बेअरिंग घ्यायचो आणि वहीत लिहायचो. पहिला पॉइंट, दुसरा, तिसरा. सव्वाअकराला तीन नंबरवर पोचलो. तिथं वायरलेस सेट घेऊन सिपाही लोंढे बसला होता. त्यानं वेळ लिहून घेतली आणि पाणी दिलं. तिथं अर्धा तास सक्तीचा थांबा होता. पुढं चार नंबरवर सुतार स्वतः होता, एका कड्याच्या माथ्यावर, एकटा.

अकरा चाळीसला कॅम्पातल्या कंट्रोलनं वायरलेसवर चार नंबरला हाक दिली. उत्तर नाही. अकरा पंचेचाळीस, उत्तर नाही; मला तिथंच थांबवून ठेवलं. बारा वाजता साहेबांनी पाच नंबरवरच्या दोघांना तिकडं पाठवलं. साडेबाराला त्यांचा निरोप आला.

“चार नंबरवर सेट आहे, पाठीवरचा पिट्टू आहे, टोपी आहे. माणूस नाही. ओव्हर.”

लोंढेनं माझ्याकडं पाहिलं. त्याचं तोंड उतरलं होतं.

पलटणीत आम्हाला शिकवलेलं होतं, रानात अडकलेल्या माणसानं जागा सोडायची नाही आणि धूर करायचा. सुतारच्या खिशात काडेपेटी असणारच. तो शुद्धीवर असेल तर धूर करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खोऱ्यात नजर टाकली तर धूरच धूर.

सेटवर साहेब आले. “केदारी, तुझा मुलूख आहे. माणूस पाण्यासाठी खाली उतरला असेल तर कुठे जाईल? ओव्हर.”

इथं माझा जुना गुण उफाळून आला. मी नकाशा पाहिला नाही, क्षणभर थांबलो नाही. “चारच्या पूर्वेला खालच्या अंगाला झरा आहे, साहेब. बारमाही. तिथंच असणार. ओव्हर.”

“नक्की? ओव्हर.”

“मला ठाऊक आहे, साहेब. ओव्हर.”

चौघांची पार्टी झऱ्याकडं निघाली. एक पस्तीसला त्यांचा निरोप आला. झऱ्यावर पाणी आहे, माणूस नाही, पायाचा ठसासुद्धा नाही. माझ्या तोंडच्या एका वाक्यानं एक तास गेला होता. ऊन डोक्यावर होतं आणि सुतार कुठंतरी पडला होता.

मी लोंढेला म्हणालो, “सेट उचल.” आणि साहेबांना कळवलं, “माझी चूक झाली, साहेब. आता धूर मोजतो. ओव्हर.”

तीन नंबरच्या डोंगरधारेच्या कडेला पालथा पडून मी धूर मोजले. सतरा. प्रत्येकाची जागा नकाशावर टिंबानं मांडली. पंधरा गावाजवळच्या खाचरांवर होते. सोळावा आमच्या पायथ्याशीच होता, एक बाई फावड्यानं माती ओढत होती. सतरावा पलीकडच्या कड्याआडून येत होता, बारीक, आणि त्याचं बूड दिसत नव्हतं. माझं मन लगेच म्हणालं, तिथं काय आहे, उभा कातळ, तिथं शेळीसुद्धा जात नाही. पण एकदा तोंड पोळलं होतं. मी धावत त्या बाईकडं खाली उतरलो.

साठीची असेल. तोंडाला पदर बांधलेला, पाय राखेनं पांढरे.

“मावशी, त्या पल्याडच्या कड्याखाली कुनाचा राब हाय?”

“कुनाचा रं तू?”

“केदाऱ्याचा. रिह्याच्या अंगचा.”

“मंग असं खुळ्यावानी काय इचारतुयास? कड्याखाली कुटं खाचर हाय? आन आता ह्या वाऱ्यात राब पेटवंल कोन? समदं रान जळंल की. आमी पाटंचं पेटिवतो आन वारं सुटायच्या आत माती लोटतो.”

“सकाळचा धुमसत असंल.”

“न्हाई रं बाबा. धुमसता राब ह्यो असा असतुया, ह्यो बग. खाली लोळतुया, पिवाळ दिसतुया.” तिनं फावड्याचा दांडा पलीकडं रोखला. “आन त्यो बग. येतुया, थांबतुया. पुन्यांदा येतुया. कुनीतरी वला पाला घालतंय त्यात. मानूस हाय तितं.”

मी परत वर चढलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता कंपासचं काम. सुतारनं मला पन्नासदा सांगितलं होतं, धुराचा नेम बुडावर धरायचा, शेंड्यावर नाही. वारा शेंडा कुठंही नेतो. पण बूड कड्याआड होतं आणि पश्चिमेचा वारा सुटला होता. कड्यावरून धूर वर यायच्या आधीच तिरका पळत होता. वारा पडून धूर सरळ उभा राहीपर्यंत नेम धरण्यात अर्थ नव्हता. मी कंपास डोळ्याला लावला आणि तसाच राहिलो.

सेट खरखरला. “केदारी, रिपोर्ट. ओव्हर.”

लोंढेनं हँडसेट माझ्या तोंडाशी धरला. “वेट. आउट.”

लान्स नाईकनं कॅप्टनला थांब म्हणून सांगायचं आणि वर बोलणंही संपवायचं, हे आमच्या पलटणीत त्याआधी झालं नसावं. लोंढेचे डोळे मोठे झाले. तीन मिनिटांनी सेट पुन्हा बोलला. मी पुन्हा तेच म्हणालो. घाम डोळ्यांत जात होता, आणि आत कुणीतरी सारखं सांगत होतं की अंदाजानं आकडा दे, माणूस मरतोय. ती बारा मिनिटं मी कशी काढली ते आजही नीट सांगता येत नाही. मग वारा पडला. धूर कड्याच्या वर काठीसारखा सरळ झाला. दोनशे अठ्ठेचाळीस अंश. लिहिलं. तीनदा पाहिलं, तीनदा तेच.

एका बेअरिंगनं फक्त दिशा कळते. दुसऱ्या जागेवरून दुसरं घेतलं की दोन रेघा जिथं छेदतात ती जागा. आम्ही धारेवरून अर्धा मैल उत्तरेला पळालो. लोंढे पाठीवर सेट घेऊन धापा टाकत होता. पुन्हा वाऱ्याची वाट. दोन अठ्ठावन्नला दुसरा आकडा मिळाला, दोनशे एकवीस. नकाशा मांडीवर घेऊन दोन रेघा ओढल्या. त्या छेदल्या तिथं कंटूर इतक्या दाट होत्या की पेन्सिलचं टोक मावेना. कडा. म्हणजे जिथं शेळी जात नाही असं मी मनात म्हणालो होतो, बरोबर तीच जागा.

मी दोनदा पुन्हा मोजलं. आधी खालचे आकडे, मग बाजूचे. तीन वाजून पाच मिनिटांनी सेटवर बोललो.

“रेफरन्स तीन-एक-चार, आठ-शून्य-सात. कड्याच्या पोटात, माथ्याखाली. दोर लागेल. ओव्हर.”

“केदारी, तिथे तर वाटच नाही. ओव्हर.”

“वाट नाही, साहेब. नकाशा म्हणतो माणूस तिथं आहे. ओव्हर.”

“रॉजर. पार्टी निघते. आउट.”

सव्वा तास काही करण्यासारखं नव्हतं. लोंढेनं बिस्किटाचा पुडा काढला, दोघांनाही खाववेना. धूर एकदा बंद पडला. लोंढे म्हणाला, “उस्ताद दमले असतील.” मी त्याला गप्प बस म्हणालो. धूर पुन्हा आला.

चार वीसला सेट बोलला. “माणूस सापडला. जिवंत आहे. मांडी मोडली आहे. बोलतोय. ओव्हर.”

मी खाली बसलो आणि लोंढेसमोर लहान पोरासारखा रडलो. लोंढेही रडत होता, त्यामुळं नंतर कुणी कुणाला चिडवलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून तो बिस्किटाचा पुडा संपवला. इतकी गोड बिस्किटं मी पुन्हा खाल्ली नाहीत.

साडेसहाला त्याला स्ट्रेचरवरून कॅम्पात आणलं. उन्हानं ओठ फुटले होते, पण शुद्धीवर होता. चार नंबरपासून हाक पोचणार नाही इतक्या लांब, कड्याच्या टोकावरून तो वीसेक फूट खाली घसरला होता आणि एका झुडपानं त्याला कपारीत अडवलं होतं. डॉक्टर म्हणाले, रात्र तिथं निघाली नसती. मी वाकून विचारलं, “उस्ताद, कड्याच्या टोकाला कशाला गेलात?”

“तुला बघायला.” त्याचा आवाज जेमतेम येत होता. “म्हटलं, गडी पायवाटेनं येतोय का कंपासनं. वाळल्या गवतावरनं पाय सटाकला.”

“कंपासनंच येत होतो.”

“कळलं मला.” तो म्हणाला. “आठ-शून्य-सात व्हय? मी पडल्या पडल्या आठ-शून्य-सहा धरलं हुतं.”

आणि हसताना कळवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फॉल-इनला सगळ्यांना रांगेत उभं करून निकाल वाचला. माझ्या नावापुढं ‘अपूर्ण’ होतं. चार आणि पाच नंबरला मी पोचलोच नव्हतो. पलटणीतल्या जुन्या लोकांनी माझ्यासाठी शब्द टाकला, असं नंतर कळलं. साहेबांनी मला तंबूत बोलावलं.

“काल तू माझा माणूस वाचवलास. त्याबद्दल वर लिहीन. पण पाच पॉइंटची परीक्षा तीन पॉइंटवर पास करता येत नाही. आणि एक तास तू चुकीच्या झऱ्यावर घालवलास. तुला राग आलाय?”

“आलाय, साहेब.”

“चांगलं आहे. ऑक्टोबरात शेवटची संधी आहे.”

राग खरंच आला होता, पण फार टिकला नाही. सुतार जिवंत होता. त्यापुढं बाकीचं सगळं हलकं वाटत होतं.

तो तीन महिने हॉस्पिटलात होता. मी दर रविवारी जायचो. पाय टांगलेला, आणि खाटेवर नकाशा पसरलेला. शेजारच्या खाटांवरचे पेशंट वैतागायचे. ऑक्टोबरात मी पाचव्यांदा बसलो, अनोळखी मुलखात, सोलापूरच्या बाजूच्या सपाट माळावर, जिथं धरायला ना डोंगर ना ओढा. पाच पॉइंट, पाच बेअरिंग, वही भरलेली. साहेबांनी ती पानं उलटली आणि मान वर न करता म्हणाले, “पास.” बाहेर सुतार काठी टेकून उभा होता. त्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की टोपी पडली. त्या आठवड्यात मी सुटी घेऊन घरी गेलो. आईला नकाशा म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण दोन फिती मोजता येत होत्या.

आता त्या धारेवर उभं राहिलं तर हिंजवडीकडच्या उंच इमारती दिसतात, आणि पोरांच्या फोनमधला नकाशा वाट बोलून दाखवतो. आमचा मुका होता, त्याची बोली शिकायला मला चार वर्षं लागली.

बासष्ट साली सुतार दुसऱ्या पलटणीबरोबर ईशान्येच्या सीमेवर होता. पाय बरा झाला होता, हवालदार झाला होता. तो परत आला नाही. घरी तार गेली, पार्थिव गेलं नाही. त्याच्या सेक्शनमधले दोघं माघारी आले. त्यांनी त्याला एका उतारावर ठेवून वर दगड रचले होते. त्यांतला एकजण पुढं मला हॉस्पिटलात भेटला. त्यानं मला त्या जागेचे सहा आकडे सांगितले. उस्तादानं शिकवलेला गडी, त्या गडबडीतही लिहून आणले होते. मी पलटणीच्या ऑफिसात जाऊन तिथला नकाशा मागून घेतला आणि दुपारभर बघत बसलो. तो नकाशा बाहेर नेता येत नाही. मी तो डोक्यात घेऊन गारगोटीला गेलो.

सुतार वहिनी सोप्यात बसल्या होत्या. मी आधी इकडचं-तिकडचं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “भावजी, तुमी नकाशावालं. येवढं सांगा. त्यास्नी ठेवलंय त्या जागंला ऊन पडतंय का? लई थंडी असती म्हनं तिकडं. ह्यास्नी थंडी सोसत नव्हती.”

येताना सगळ्या वाटेत मला धास्ती होती, की ही बाई काहीतरी विचारेल आणि मला तिच्या समाधानासाठी खोटं बोलावं लागेल. मी डोळे मिटून त्या रेघा पुन्हा एकदा पाहिल्या. धार मागं, पश्चिमेला. उतार पूर्वेकडं उघडा. समोर दोन मैलांपर्यंत उंच काही नाही.

“पडतं वहिनी,” मी म्हणालो. “उगवतीचा उतार आहे. त्या डोंगरात सकाळचं ऊन पहिल्यांदा तिथंच येतं.”

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.